भिसेगावच्या फाटकावरचा कमाल

कमाल फाटकावर लागला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. साल एकोणीसशे तेरा. त्याचा बाप मुरूडकडचा. समुद्रावर पोट भरेना म्हणून कर्जतला आला आणि लाईनीवर खडी टाकता टाकता म्हातारा झाला. बापाची वीस वर्षांची चाकरी बघून मुकादमाने पोराच्या हातात दोन झेंड्या दिल्या, एक हिरवी, एक तांबडी, आणि सांगितलं, "गाडी येताना फाटक लावायचं, गेली की उघडायचं. एवढंच काम. पण एवढंच चुकवायचं नाय."

कमालने ते सतरा वर्षं चुकवलं नाही.

फाटकाच्या एका अंगाला कर्जतची पेठ: बाजार, कचेरी, दवाखाना, शाळा, मशीद. दुसऱ्या अंगाला भिसेगाव. पन्नास-साठ घरं, मागे भाताची खाचरं आणि त्यांच्याही मागे डोंगराच्या पोटाशी कातकऱ्यांची वाडी. मधून लाईन गेलेली. भिसेगावच्या माणसाला मीठ आणायचं झालं, पोराला शाळेत सोडायचं झालं, की फाटक ओलांडायचं. फाटकाशेजारी एक खोली आणि पुढे पडवी. तिथेच कमालने शहाजादीला लग्न करून आणली.

कर्जतला वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मागून दुसरं इंजिन जोडायचे. त्याशिवाय घाट चढत नसे. इंजिनं मागेपुढे होत राहायची, आणि फाटक कधी पाव तास तर कधी अर्धा तास लागलेलं असायचं. लोक चडफडायचे, पण करतात काय? बसायचे. आणि त्या बसण्यातूनच तिथे एक चौक उभा राहिला. त्याचा नकाशा कुणी काढला नव्हता. करंजाच्या झाडाखाली विठू न्हावी बसू लागला. गाडी येईस्तोवर अर्धी दाढी व्हायची, उरलेली अर्धी ती निघून गेल्यावर. एक म्हातारी भजी तळायची. दोन्हीकडच्या सोयरिकी तिथे जमल्या, भाऊबंदकीची भांडणं तिथेच पेटली आणि तिथेच विझली. आणि वाडीवरच्या कातकरणी मोळ्या उतरवून बसतात हे ठाऊक झाल्यावर पेठेतली माणसंच लाकडं घ्यायला फाटकावर येऊ लागली. बायांना दारोदार हिंडायला लागेना.

त्या कातकरणींत गोदा होती. काळीसावळी, शिडशिडीत, तोंडाने फटकळ. चार मैल डोंगर उतरून यायची आणि फाटक लागलेलं दिसलं की लांबूनच ओरडायची, "कमालभाय, तुझी गाडी काय माजी वाटच बघत आसती काय रं?"

"तू वाट बघायला लावतेस तिला," कमाल म्हणायचा.

"सोड ना मला. धूर पार तिकडं पळसदरीला हाय."

"धूर दिसला म्हंजे फाटक लागलं. सायबाचा कायदा हाय."

मग ती मोळी करंजाला टेकवायची आणि शहाजादीच्या पडवीत जाऊन मशेरी लावत बसायची. एका वर्षी शहाजादीला तापाने महिनाभर धरलं. दवाखान्याचं औषध संपलं तरी ताप हटेना. तेव्हा गोदा रोज गुळवेल आणून द्यायची आणि काढा करताना स्वतः चुलीशी बसायची. ताप गेला तो त्या काढ्याने की आपोआप हे कुणाला सांगता यायचं नाही. पण शहाजादीने तिला बहीण मानली ती मानलीच.

पुढे विजेची बातमी आली. घाटात आता धुराची इंजिनं राहणार नाहीत, तारांतून वीज येईल आणि गाडी त्या विजेवर चालेल. लाईनीच्या कडेने लोखंडी खांब उभे राहिले. यार्ड वाढायचं होतं, रूळ वाढायचे होते. आणि एका आषाढात एक नकाशेवाला साहेब छत्री आणि कातडी नळकांडं घेऊन फाटकावर आला. माणूस वाईट नव्हता. शहाजादीने दिलेला चहा त्याने घेतला, पडवीतल्या बाजेवर बसून कमालला नकाशा उलगडून दाखवला. कमालला त्यात लाईन ओळखू आली, नदी ओळखू आली. फाटक म्हणजे एक बारीक फुली होती.

"तुला आकडे येतात?" साहेबाने विचारलं.

"येतात साहेब. मदरशात शिकलो, मग इथल्या शाळेत दोन वर्षं."

"छान. पंधरा दिवस मोजणी करायची. बैलगाड्या, टांगे, गुरांचे कळप. रोज किती जातात ते या कागदावर मांडायचं."

"आनि पायी जातात ते?"

साहेब हसला. "पायी माणूस काय, कुठूनही जातो. त्याला रस्ता लागत नाही. गाडीला लागतो."

कमालने मोजलं. मन लावून मोजलं. सरळ रेघा मारून, शाई कुठे न सांडता. आषाढातले दिवस. चिखलात गाड्या बाहेर पडत नव्हत्या. कधी सहा, कधी नऊ, एका दिवशी फक्त तीन. डोक्यावर घोंगडी घेतलेली माणसं, इरली घेतलेल्या बाया, शाळेची पोरं, भाजीच्या पाट्या, आजारी माणसाच्या डोल्या त्याच्या डोळ्यांसमोरून जात होत्या. त्यांच्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

शहाजादीने एकदा वाकून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. "एवढीच मान्सं?"

"मान्सं नाय. गाड्या."

"मग आमी?"

"तुमचं विचारलं नाय सायबानं," कमाल म्हणाला. आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्याला स्वतःचं ते उत्तर आठवत राहिलं.

साहेबाने कागद बघून त्याच्या अक्षराची तारीफ केली.

दीड वर्षाने फाटक बंद झालं. नकाशावर हिशेब सरळ होता: दिवसाला सहा-सात गाड्यांसाठी फाटक, खोली आणि माणूस ठेवायचा कशाला? पाऊण मैलावर लाईनीवरून दगडी पूल बांधला. गाड्यांनी तिकडून जावं. दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण पडलं आणि फाटकावर इंग्रजी-मराठी पाटी लागली: येथून जाण्यास सक्त मनाई आहे. भिसेगावात ती वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

कमालची नोकरी गेली नाही. सगळ्या चेहऱ्यांची त्याला ओळख, म्हणून त्यालाच कुंपणावर राखणदार नेमला. खोलीही त्याच्याकडे राहिली.

पूल भक्कम होता, देखणा होता. पण गाडीवाल्याला पाऊण मैल म्हणजे काय, बैलं चालतात. डोक्यावर मोळी घेऊन चार मैल आलेल्या बाईला तो पाऊण मैल तिकडे आणि पाऊण मैल परत पेठेकडे. वर पुलाचा चढ. शाळेतली भिसेगावची पोरं निम्मी झाली. मुली तर राहिल्याच नाहीत. डॉक्टर पलीकडे यायला कुरकुरू लागला. विठू न्हाव्याने धोपटी उचलून पुलाच्या तोंडाशी बसून पाहिलं. महिन्याने परत आला.

"काय झालं रं?" कमालने विचारलं.

"पुलावर कोन थांबतच नाय," विठू म्हणाला. "समदे चालत्यात. चालत्या मान्साची दाढी कशी करू?" आणि तो बायकोच्या माहेरी नेरळला गेला तो गेलाच. भज्यांची म्हातारी आधीच गेली होती. करंजाखाली गवत माजलं. पेठेतले लोक लाकडं घ्यायला कुंपणापाशी कशाला येतील? गोदा आणि तिच्या वाडीच्या बाया आता मोळ्या घेऊन घरोघर फिरत. डोक्यावरचं ओझं तसंच ठेवून दारात उभ्या राहत, आणि आतून कुणी तरी सवडीने येऊन सांगे, आज नको.

म्हणून त्यांनी करंजाजवळ कुंपण फाकवलं. दोन तारा वर, दोन खाली, मधून वाकून जाता येईल एवढं. जागा त्यांनी नेमकी निवडली होती. तिथून दोन्हीकडे लांबपर्यंत रूळ दिसायचे, घाटाच्या वळणापर्यंत. थांबायचं, दोन्हीकडे बघायचं आणि पटकन जायचं. कमालला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो त्या वेळेला पडवीत पाठ फिरवून बसायचा. गोदा जाता जाता हाळी द्यायची, "कमालभाय, तू झोपलास ना?"

"झोपलोय," तो म्हणायचा.

चार-पाच महिने असे गेले. मग मुकादम बुधाजी आला. बुधाजी कमालच्या बापाच्या हाताखाली शिकलेला, पोक्त माणूस. फाकवलेली तार त्याने पाहिली आणि डोक्याला हात लावला.

"कमाल, सोमवारी सायेब ट्रॉलीवरून लाईन तपासायला येतोय. हे त्यानं बगितलं तर माजी पन जाईल आनि तुजी पन. खोली कुठं शोधशील? शहाजादीला कुठं नेशील?"

"बाया जातात रं त्यातून."

"पूल कशाला बांदलाय मग?"

दुपारी कमालने पक्कड घेतली आणि तारा ओढून ओढून जागेवर आणल्या. नुसत्या आणल्या नाहीत. जाड तारेने दुहेरी पीळ घातला आणि वर बाभळीच्या काटेरी फांद्या अडकवल्या. काम अर्धवट करायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. काटे पाहिले. गोदाने पडवीकडे नजर टाकली. कमाल आतच होता. तिने हाळी दिली नाही. सगळ्याजणी कुंपणाच्या कडेकडेने घाटाच्या अंगाला चालू लागल्या. तिकडे ओढ्यावर बुटक्या पुलासारखी मोरी होती आणि मोरीशी कुंपण संपत होतं. तिथून चढलं की रूळ. पण तिथून पुढे लाईन खडकात कोरलेली, आणि वळण इतकं जवळ की दहा खांबांपलीकडचं दिसत नसे.

पहिल्या दिवशी निभावलं. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, कमाल करंजाजवळ उभा होता. लांबवर बायांची रांग मोरीवर चढताना त्याला दिसली. आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या तारा बारीक थरथरल्यासारख्या वाटल्या. धुराचं इंजिन असतं तर पळसदरीपासून त्याची धाप ऐकू आली असती, झाडांवर काळा लोट दिसला असता. त्या बायांचे कान जन्मभर त्याच आवाजावर तयार झालेले. विजेची गाडी घाट उतरताना ओझं सोडून दिल्यासारखी घरंगळत येते. आवाज येतो तेव्हा ती आलेलीच असते. शिवाय आडवी मोळी डोक्यावर असली की मान वळत नाही. बाजूचं बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागतं.

कमाल ओरडला. तांबडी झेंडी खोलीत होती. आता तिचं काम नव्हतं म्हणून खुंटीला टांगलेली. तो नुसते हात हलवत धावला.

गोदा सगळ्यात पुढे होती. तिची जाऊ सोमी मागे, मोरीच्या कठड्यावर. कमाल पोचला तेव्हा गाडी पुढे जाऊन थांबली होती, आणि सोमी कठड्यावर मोळी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. तिला ती उतरवायचं सुचत नव्हतं. लाकडं रुळांवर लांबपर्यंत विखुरली होती. कमालने गोदाकडे एकदाच पाहिलं. मग खांद्यावरची चादर काढून तिच्यावर घातली आणि तिथेच खडीवर बसला.

लाईनीवर काम करणाऱ्या गँगच्या माणसांनी लाकडं गोळा करून कडेला रचली. ती कुणी नेली नाहीत. पावसाळ्यात तिथेच कुजली.

चौकशी स्टेशनात झाली. साहेब नवा होता. कमालला उभं करून त्याने विचारलं, "कुंपण त्या दिवशी धड होतं?"

"होतं साहेब."

"कोणी धड केलं?"

"मीच. तीन दिवस आधी."

"म्हणजे बाई मनाई असताना, कुंपण टाळून, भलत्या जागेवरून गेली."

"साहेब, त्या आधी करंजापासनं जायच्या. तिथनं दिसायचं. मी तार लावली म्हणून त्या..."

"तेवढं विचारलेलं नाही," साहेब म्हणाला. मग कागदावरून मान वर करून तो जरा नरम झाला. "तू तुझं काम चोख केलंस. शाब्बास. इथे सही कर."

कमालने सही केली. नेहमीसारखी, सुवाच्य.

घरी येऊन त्याने शहाजादीला सगळं सांगितलं. शाब्बास म्हणाले तेही सांगितलं. शहाजादी भाकरी थापत होती. तिने हातातला गोळा परातीत ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "ती माज्या उशाशी बसली होती महिनाभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात कमालने पक्कड घेतली आणि करंजाजवळचा आपणच घातलेला दुहेरी पीळ तोडला. बाभळीच्या फांद्या ओढून दूर फेकल्या. चार हात कुंपण मोकळं केलं. मग खोलीतल्या दोन्ही झेंड्या आणल्या आणि तिथे उभा राहिला.

आठ दिवस कुणीच आलं नाही. वाडीच्या बाया पुलावरून जात होत्या. नवव्या दिवशी भिसेगावची दोन माणसं आली, मग हळूहळू वाडीवरच्या बाया. कमाल रुळाला हात लावून बघायचा, वळणाकडे बघायचा, मग हिरवी झेंडी दाखवायचा. सोमी सर्वांत शेवटी आली. त्याच्याकडे न बघता गेली.

बुधाजीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पण हे झाकून राहण्यासारखं नव्हतं. दोन-अडीच महिन्यांनी साहेबाची ट्रॉली वळणावरून आली तेव्हा कमाल एका गरोदर बाईला हात धरून रूळ ओलांडून देत होता. लपण्याचा त्याने प्रयत्न केला नाही.

"कोणी सांगितलं तुला हे?" साहेबाने विचारलं.

"कोनी नाय."

"मग?"

कमालने आधी बाईला पलीकडे पोचवलं. सतरा वर्षांत त्याला कुणी असं विचारलंच नव्हतं.

चार दिवसांत खोली सोडायला लागली. आठवड्याने ती पाडली. तोडलेल्या कुंपणाच्या जागी रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर उभे गाडून माणसाच्या डोक्याएवढी भिंत केली. ती मोरीपर्यंत, पार वळणाच्या पुढपर्यंत गेली. मग कुणीच तिथून गेलं नाही. वाडीची बरीचशी माणसं मोळ्या विकायचं सोडून कोळशाच्या भट्ट्यांवर गेली. सहा-सहा महिने घराबाहेर. पेठेत लाकडं आता वखारीतून येत. भिसेगाव आणि पेठ एकमेकांना दिसत होती, हाक मारली तर ऐकू जात होती. पण सोयरिकी जमेनाशा झाल्या, आणि पलीकडच्या माणसाबद्दल बोलताना लोक "तिकडचे" म्हणू लागले.

कमालने भिसेगावात शेवटच्या घराची पडवी भाड्याने घेतली. डोंगराची पायवाट पुलाच्या रस्त्याला मिळते तिथे. बाजा विणायचं काम तो करू लागला. हातांना वळण होतं. पीळ घट्ट बसायचा. शहाजादी हळूहळू बोलू लागली होती, पण कमी.

चौतीस साली, दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती तेव्हा, सोमी मोळी घेऊन त्या वाटेने आली आणि पडवीशी थांबली. केस पांढरे झाले होते. ओझं भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "पानी दे रं भाय."

शहाजादीने तांब्या आणून दिला. सोमी प्याली. कमालने हातातला सुंभ खाली ठेवला. मग म्हणाला, "सोमी, ती करंजाजवळची वाट मीच बंद केली होती. गोदा गेली त्याच्या आधी. मीच काटे लावले."

सोमीने तोंडावरून हात फिरवला. "ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"सांगायचं काय? आमी परत जाताना बांदावरून बगत व्हतो तुला तार वडताना. गोदा म्हनली, कमालभायला सायबानं दटावलंय, आता त्याला तरास द्यायचा नाय. मोरीवरनं जाऊ म्हनली."

शहाजादी दारातच थबकली.

सोमी उठली. सूर्य उतरणीला लागला होता आणि पुलापर्यंतचा चढ अजून बाकी होता. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मोळीकडे वळून म्हणाली, "हात लाव जरा. येकटीला उचलत नाय आता."

कमाल उठला. मोळीच्या एका टोकाला त्याने हात घातला, दुसऱ्याला शहाजादीने.